तेराव्याचं वाक्य

मे महिना लागला की न्यूझीलंडमधल्या आमच्या रोटोटुनावर धुकं उतरतं, आणि त्या धुक्यातून सकाळी सकाळी बार ऐकू येतात. घरांची शेवटची रांग संपली की गाईंची कुरणं लागतात आणि त्यांच्या पलीकडे पाणथळ आहे. तिथे माणसं बदकं टिपायला बसलेली असतात. शेजारच्या ब्रूसची आठवडाभर आधीपासून धांदल चाललेली असते. पाण्याकाठी गवताच्या झापांचा आडोसा उभा करायचा, त्याला इथे मायमाय म्हणतात. मग थर्मास, सँडविचं, कुत्र्याचं जाकीट. कुंपणावरून मी दिसले की हात करतो. "किया ओरा, सुलभा! येतेस का या वर्षी?" तो गंमत करतो. मला आतून खरंच जावंसं वाटतं, हे त्याला माहीत नाही.

बार झाला की तो आधी माझ्या उजव्या खांद्याला कळतो, कानाला नंतर. सून स्नेहाला तो आवाज सहन होत नाही, ती उठून खिडकी लावते. ती आत गेली की मी खिडकी बोटभर उघडते. चहा घेऊन तिथेच उभी राहते. धुकं आत येतं, थोडा ओल्या गवताचा वास येतो, आणि मला टेक्सासमधली ती कोरडी, लालसर माती आठवते, बंदुकीच्या जळक्या दारूचा वास आठवतो. अंगावर एक छान शहारा येतो. देवाच्या आरतीला येतो तसा हा नव्हे. ज्याच्यावर आपण दात धरून असतो तो माणूस रस्त्यात समोरून येताना दिसावा, तेव्हा येतो तसा.

"आजी, डिड यू रिअली शूट अ गन इन अमेरिका?" माझी नात ईरा दर वर्षी विचारते. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीतच.

"हो, मारली की."

"वॉट डिड यू शूट?"

"बशा."

ती खिदळते. तिला मी एवढंच सांगते.

मी टेक्सासला गेले त्या वर्षी माझ्या वाट्याला दोन पानगळी आल्या. एक एप्रिल-मेमधली इथली, दुसरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली टेक्सासची. मधला वसंत माझा बॅगा भरण्यात गेला. चेरीला फुलं आली तेव्हा मी बॅग वजनकाट्यावर चढवत होते. डोंबिवलीत जन्म गेलेल्या बाईने एका वर्षात दोनदा झाडं बोडकी होताना बघितली, आणि तिला ते बघून बरं वाटलं. मी फुलं बघायला निघालेच नव्हते. मी उट्टं काढायला निघाले होते.

कुंदावन्सं माझी थोरली नणंद. लग्न होऊन अमेरिकेला गेल्या तेव्हा मी त्या घरात सून म्हणून आलेही नव्हते. दोन-तीन वर्षांनी एकदा डिसेंबरात यायच्या. चॉकलेटं आणायच्या, अंगाला लावायची क्रीमं आणायच्या, आणि "आमच्याकडे" हा शब्द आणायच्या. आमच्याकडे धूळ नसते, आमच्याकडे कुणी असं न कळवता येत नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्या वर्षांतही वन्सं आल्या की आईच्या उशाशी बसून फोटो काढायच्या आणि दुसऱ्या दिवशी खरेदीला बाहेर पडायच्या. अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं हे माझ्याकडे होतं. सासूबाईंची आठवण हळूहळू पुसत चालली होती. जेवण झाल्यावर ताट मोरीत ठेवते न ठेवते तोच आतून हाक यायची, "सुलभा, आज जेवायला देणारेस की नाही?" सुरुवातीला मी रडले. मग यांना सांगून हसायला लागले. मग नुसतं "आत्ता देते हं" म्हणायला शिकले. शेवटी शेवटी अन्न त्यांच्या अंगी लागेना. मनगटाला माझी दोन बोटं पुरायची.

वन्सं आल्या त्या आई गेल्यावर. तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. पानं मांडून झाली होती, मी वरण वाढत होते. भिंतीला टेकून बसलेल्या वन्सं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझी आई भुकेने गेली."

बाकी काही नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी. बाकीच्या सगळ्यांनी बघितलं. माझ्या हातात वरणाचं पातेलं होतं आणि पळीतून वरण कुणाच्या तरी पानाबाहेर सांडत होतं. यांनी मान खाली घातली. मग कुणीतरी भाताला हात घातला, आणि पंगत जेवायला लागली.

ते वाक्य पुढे माझ्याआधी सगळीकडे पोचायचं. बारशाला, मुंजीला, हळदीकुंकवाला. एका लग्नात मीनाने, म्हणजे यांच्या चुलतभावाच्या बायकोने, मी दिलेली नारळाची वडी बाजूला सारली. "नको गं बाई, तुझ्याकडे माणसं उपाशी राहतात म्हणे," म्हणाली आणि हसली. बरोबरच्या बायकाही हसल्या. घरी येऊन मी यांना सांगितलं, तर म्हणाले, "ताई तेव्हा दुःखात होती, बोलून गेली. तू मनावर घेऊ नकोस." शेवटपर्यंत हेच म्हणत राहिले. मग हेही गेले, आणि मी अमितकडे, मुलाकडे, न्यूझीलंडला आले. ऑकलंडच्या विमानतळावर त्यांनी माझी लोणच्याची बरणी काढून घेतली, चपलांचे तळ उलटे करून माती तपासली. मी मनात काय घेऊन आलेय, ते मात्र कुणाला सापडलं नाही.

आणि देश कसला मिळाला, तर असा की जिथे कुणाला कशाचंच काही वाटत नाही! पायावर गाडी घातली तरी समोरचा म्हणेल, "नो वरीज." अमितही तसाच झालाय. जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटफटवत घरभर फिरतो आणि म्हणतो, "आई, जुनं सोड ना. हीप्स ऑफ लाइफ पडलंय अजून." सोड म्हणे! जे माझ्या कपाळावर लिहून सगळ्या गोतावळ्यात फिरवलं, ते मी एकटीने इथल्या तळ्यात सोडून द्यायचं. मी संध्याकाळी चालायला जायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून हात करायची आणि मनात माझं उत्तर घासायची. त्यातला एकेक जादा शब्द काढून टाकला. शेवटी उरलं ते असं: "वन्सं, तुमची आई भुकेने नाही गेली. तुमची वाट बघून गेली."

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. सासूबाई शेवटपर्यंत दाराकडे तोंड करून निजायच्या.

म्हणून निखिलचा, वन्संच्या मुलाचा, फोन आला तेव्हा मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. आईची पंचाहत्तरी करतोय, मामी तू ये. रमेशमामा आणि मीनामामी न्यू जर्सीहून येणार आहेत, भारतातले सगळे टीव्हीवर दिसणार आहेत. म्हणजे तेराव्याची पंगत जशीच्या तशी! "येते," म्हटलं. अमितला वाटलं, आई निवळली. ऑकलंडला जाताना त्याने मुद्दाम गाडी सँडरिंगहॅमला घेतली, वन्संसाठी काजूकतली घ्यायला. मी ताजी बघून घेतली. रिकाम्या हाताने आली असं कुणी म्हणायला नको होतं मला.

टेक्सासला मला न्यायला निखिलची बायको आली होती, तिचं नाव केली. तिथलीच मुलगी, उंच, हाडापेराने मजबूत, दातांच्या दवाखान्यात कामाला. तिच्या गाडीत चढायला मला हात द्यावा लागला. रस्त्यावर रस्ता, त्यावर आणखी एक रस्ता, आणि कुठेही माणूस चालताना नाही. दुसऱ्या दिवशी मी चालायला निघाले तर एका बाईने गाडी थांबवून विचारलं, तू ठीक आहेस ना, कुणाला फोन करू का? रोटोटुनात चालणाऱ्याला लोक "मॉर्निंग" म्हणतात, इथे चालणारा म्हणजे संकटात सापडलेला. दुकानं इतकी अफाट की दूध घेऊन परत फिरेपर्यंत माझे पाय भरून यायचे. त्यातल्याच एका दुकानात लहान मुलांच्या सायकली होत्या, पुढे मासे धरायचे गळ होते आणि त्याच्या पुढे काचेमागे बंदुकांची रांग. एक आजोबा नातवाला कडेवर घेऊन त्या बघत होते, आपण मिठाईच्या दुकानात बघतो तसे. पाणी मागितलं तर पेलाभर बर्फ यायचा. मागवलेलं जेवण दोन दिवस पुरायचं. आणि तो महिना भुताखेतांच्या सणाचा, त्यामुळे घराघरासमोर हिरवळीवर प्लास्टिकचे सांगाडे. कुणी खुर्चीत बसलेला, कुणी कुत्र्याला फिरवणारा, तर एक दुमजली घराच्या छपराला लागलेला. माणसं मात्र मोकळी. समोरची बाई ओळख ना पाळख, भोपळ्याचा गरम 'पाय' घेऊन दारात उभी, पाय म्हणजे भाजलेल्या पारीतलं गोड सारण. मला ती माणसं आवडली. त्यांच्या मनात काही साठून राहत असेल असं वाटायचं नाही.

वन्सं हॉलमध्ये मोठ्या खुर्चीत बसल्या होत्या. वाळल्या होत्या. केस कुणीतरी नीट विंचरून बांधलेले. मी वाकून नमस्कार केला.

"निखिल, या कोण?"

"मम्मी, सुलभामामी. न्यूझीलंडहून आलीय."

"हो का?" त्या माझ्यामागे दाराकडे बघायला लागल्या. "मग बाळू कुठाय? गाडी लावतोय का?"

बाळू म्हणजे हे. त्यांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

निखिलने मला डोळ्याने खूण केली. स्वयंपाकघरात आल्यावर म्हणाला, "वय झालंय ना मामी, विसरते कधी कधी." कधी कधी! मी ओट्याला धरून उभी राहिले. मला फसवल्यासारखं झालं. अर्धी पृथ्वी ओलांडून मी जिला जाब विचारायला आले होते, ती बाई जागेवरच नव्हती. तिने ते वाक्य माझ्यावर फेकलं, माझा जन्म नासवला, आणि आता विसरून मोकळी होऊन खुर्चीत बसली होती.

तिसऱ्या की चौथ्या दिवसाची गोष्ट. केलीने त्यांना दुपारी भात, भाजी, दही भरवलं, तोंड पुसलं, ताटली धुवायला ठेवली. समोरची ती पायवाली बाई खुशाली विचारायला आली. वन्सं तिला अगदी कळवळून, इंग्रजीत म्हणाल्या, "दे डोंट गिव्ह मी एनी फूड."

केलीचा चेहरा बघितला मी. तो चेहरा मला पाठ होता. आरशात बघितला होता तो किती वर्षं.

मला काय वाटलं ते सांगू? आधी आनंद झाला. धुतलेल्या फडक्यासारखा स्वच्छ आनंद. केलीची कीव त्यानंतर आली.

शनिवारी केली म्हणाली, "मॅमी, दोन तास बाहेर चल माझ्याबरोबर. निखिल बसेल घरी." ती इंग्रजीतच बोलायची, मामीचं मॅमी करायची. मला वाटलं दुकानात नेतेय. गाडी गावाबाहेर निघाली, कुंपणं संपली, आणि मोकळ्या माळावर एक पत्र्याची शेड आली. तिथे बायका, मुलं, आजोबा, डब्यातून आणलेलं खाणं, एका मुलीचा वाढदिवससुद्धा. आपल्याकडे लोक बागेत जातात तसे हे बंदुका उडवायला आलेले. परदेशी पाहुण्याच्या हातात बंदूक द्यायची तर शिकारीचा परवाना लागतो म्हणे. केलीने तो आधीच काढून ठेवला होता. म्हणजे टेक्सासच्या सरकारच्या लेखी मी, सुलभा, शुद्ध शाकाहारी, शिकारी झाले!

पंजाबी ड्रेसवर मला जाकीट चढवलं, कानावर झाकणं, डोळ्यांना पिवळा चष्मा. बंदूक हातात आली तेव्हा पहिल्यांदा जाणवलं ते तिचं वजन. पाटा-वरवंट्याला असतो तसा तिला एक निश्चय होता. केलीने दस्ता माझ्या खांद्याच्या खळग्यात घट्ट बसवला, गाल लाकडाला टेकवला. "तू 'पुल' म्हणायचं, की तिथून एक बशी उडेल. बंदुकीकडे बघू नको, बशीकडे बघ. ती आहे तिथे मारू नको, ती जाणार आहे तिथे मार."

"पुल!" माझा आवाज चिरकला. मातीची नारिंगी बशी आकाशात गेली, मी चाप ओढला, खांद्यात कुणीतरी गुद्दा घातला, आणि बशी आरामात जाऊन गवतात पडली. दुसरी पडली. तिसरी. शेजारची शाळकरी मुलगी एकामागून एक फोडत होती.

"मॅमी, तू फार सभ्यपणे बघतेस," केली म्हणाली.

मग मी सभ्यपणा सोडला. पुढची बशी उडाली ती पांढऱ्या पातळात, भिंतीला टेकून बसलेली. माझी आई भुकेने गेली. नळी तिच्या मागे गेली, पुढे गेली, आणि बशीचा आकाशात भुगा झाला. नुसती काळी धूळ उरली, तीही वाऱ्याने नेली.

किती सोपं होतं! मला ओरडावंसं वाटलं आणि मी ओरडलेही. पुढची बशी मीनाची, नारळाची वडी सारणारी. ती चुकली. मग पुन्हा वन्सं. पुन्हा वन्सं. एक बशी माझ्या नवऱ्याची होती. तीही फोडली. सगळ्या काही लागल्या नाहीत, पण ज्या लागल्या त्या अशा लागल्या की शेडमधले आजोबा टोपी काढून उभे राहिले.

केली माझ्याकडे बघत होती. "कोण होतं ते?"

"तुझी सासू," मी म्हटलं.

तिने माझ्या हातातली बंदूक काढून घेतली. मला वाटलं, चुकलंच आपलं. मग तिने बंदूक उघडून काडतूस भरलं आणि म्हणाली, "मॅमी, मी इथे दर शनिवारी येते. तुला काय वाटतं, मी कुणाला मारते?"

आम्ही दोघी त्या माळावर हसत सुटलो. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. एका बाईला दोघींनी इतक्या वेळा आकाशात फोडलं होतं, आणि ती तिकडे घरात मऊ शाल पांघरून टीव्ही बघत होती.

परतताना तिने सांगितलं. वन्संची मुलगी शिल्पा कॅलिफोर्नियात असते. वर्षातून एकदा येते. फोनवर आई तिला म्हणते, मला उपाशी ठेवतात. शिल्पा निखिलला म्हणते, मम्मी इतकी बारीक का झाली? आता पंचाहत्तरीला येतेय आणि आईला घेऊन जाऊन कुठल्या तरी सेंटरमध्ये ठेवायचं म्हणतेय, कारण केलीवर तिचा भरवसा नाही. "आणि निखिल काय म्हणतो?" मी विचारलं. केलीने नुसतेच खांदे उडवले. मला काय ते कळलं. त्या घरातले पुरुष काय म्हणतात ते मला ठाऊक होतं.

खांदा दुसऱ्या दिवशी काळानिळा पडला. आंघोळीच्या वेळी मी त्याच्याकडे आरशात बघायची. काळा, मग जांभळा, मग कडेने पिवळा. एवढ्या वर्षांच्या दुखण्याला पहिल्यांदाच असा दिसण्यासारखा रंग आला होता.

पंचाहत्तरीच्या दिवशी सकाळपासून घर भरलं. रमेशभावजी आले, मीना आली. केस पांढरे झाले होते तिचे, पण हसणं तेच. भिंतीवरच्या टीव्हीत डोंबिवलीचा हॉल दिसत होता, तिकडे संध्याकाळ होती. मधोमध प्रभाकाकू, यांच्या काकू, घरातलं सगळ्यात जुनं माणूस. सगळे तेराव्याला होते. शिल्पा आईचा हात हातात घेऊन बसली होती आणि कुणी ना कुणी फोटो काढत होतं. केलीने कणकेचे पंचाहत्तर दिवे केले होते, वेडेवाकडे. ओवाळून झालं. पुरणपोळ्या मी केल्या होत्या. वन्संना मीच वाढल्या. दोन खाल्ल्या त्यांनी, वर दूध. मी ताट उचललं.

जेमतेम बोटं पुसली असतील. वन्सं शिल्पाकडे वळून म्हणाल्या, "सगळे जेवले. मला कुणी विचारलंच नाही गं. सकाळपासून उपाशी आहे मी."

 शिल्पा उभी राहिली. "निखिल, मी तुला सांगत होते ना? हाडं लागतात मम्मीची हाताला. ही तिला जेवायला देत नाही."

केलीला मराठी येत नाही. पण 'जेवायला' हा शब्द तिला आता कळत होता. तिने नवऱ्याकडे बघितलं. निखिलने मान खाली घातली. तशीच, अगदी तशीच, मामाची मान.

मी उठले. माझं घासून ठेवलेलं वाक्य कुठे गेलं कोण जाणे.

"शिल्पा, तुझ्या आईने आत्ता दोन पोळ्या खाल्ल्या. मी वाढल्या, सगळ्यांच्या देखत. तुझी आजीही असंच म्हणायची. ताट उचललं की म्हणायची, जेवायला कधी देणार? तुझ्या आईने ते खरं धरलं आणि तेराव्याला भरल्या पंगतीत म्हणाली, माझी आई भुकेने गेली. हे रमेशभावजी होते तिथे. ही मीना होती." मी टीव्हीकडे वळले. "तुम्ही सगळे होतात. एकानेही तोंड उघडलं नाही. आज उघडा."

कुणाच्या तरी ताटलीत चमचा पडला. मीना कार्पेटकडे बघत बारीक आवाजात म्हणाली, "खाल्ल्या. दोन खाल्ल्या वन्संनी. मी पाहिलं."

आणि टीव्हीतून प्रभाकाकूंचा कापरा आवाज आला. "सुलभा, आम्हाला तेव्हाही माहीत होतं गं. तू किती केलंस ते काय दिसत नव्हतं?"

माहीत होतं! मला वाटलं होतं हे ऐकून मी शांत होईन. माझ्या डोक्यात तिडीक गेली. माहीत होतं आणि वरणभात जेवत राहिले. माहीत होतं आणि वड्या बाजूला सारल्या. वन्संनी एकदा म्हटलं. या लोकांनी ते जन्मभर खरं होऊ दिलं.

"काकू, मग हे ऐकायला मला टेक्सासला यावं लागलं," मी म्हटलं. मग शिल्पाकडे वळले. माझं वाक्य आता सापडलं, आणि त्याला जायला जागाही सापडली. "या घरात भुकेने कुणी जात नाही, शिल्पा. वाट बघून जातात. तू किती वेळा येतेस?"

ती मटकन खाली बसली आणि तोंड झाकून रडायला लागली. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. लोक म्हणतात सूड घेऊन हाती काही लागत नाही. माझ्या हाती लागलं. त्या खोलीतल्या एकेका माणसाचा चेहरा मी सावकाश बघून घेतला, आणि त्यांतल्या एकालाही माझ्याकडे वर बघता आलं नाही. केली माझ्याजवळ आली आणि तिने नकळत माझा दुखरा खांदाच दाबला. मी ओय केलं नाही.

शिल्पा दुसऱ्याच दिवशी निघाली, एकटीच. केली आणि निखिल तिला विमानतळावर सोडायला गेले. घरात मी आणि वन्सं. बाहेर समोरच्या घराचा माणूस यंत्राने पानं उडवत होता. मी मऊ भात केला, वर तूप-मेतकूट घातलं आणि वन्संसमोर खुर्ची ओढून बसले. घास केला आणि त्यांच्या तोंडासमोर धरून थांबले.

"वन्सं, कोण भरवतंय तुम्हाला?"

"तू."

"मी कोण?"

कपाळाला आठ्या घालून त्यांनी विचार केला. "बाळूची बायको."

"नाव सांगा."

"सुलभा."

"मग म्हणा, सुलभा मला जेवायला घालते."

"सुलभा मला जेवायला घालते."

मी घास दिला. दुसरा घास धरला. "म्हणा." त्यांनी म्हटलं. तिसरा धरला. शाळेतल्या मुलीसारख्या त्या म्हणत होत्या आणि त्यांनी म्हटल्याशिवाय मी घास पुढे करत नव्हते. ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांतलं कुणी तिथे नव्हतं. मला त्याची पर्वा नव्हती. मला ते त्या तोंडातून ऐकायचं होतं, आणि पुन्हा ऐकायचं होतं.

मग त्यांनी एकाएकी मान फिरवली.

"म्हणा," मी म्हटलं.

"नको. आधी आईला दे."

माझा हात तसाच राहिला.

"आत निजलीये ना ती? तिला दिलंस का?"

"दिलं."

"पोटभर?"

"पोटभर, वन्सं. रोज."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. डोळ्यांत काय होतं ते मला अजूनही सांगता येत नाही. मग त्यांनी मान हलवली, आपल्यालाच काहीतरी पटल्यासारखी.

"तू देतेस," त्या म्हणाल्या. "माहितीये मला."

आणि तोंड उघडलं. मी घास भरवला.